सुट्या भागांतला आत्मा : दोन सिलिंडरांच्या मोठ्या मोटरसायकली, जुन्या आणि नव्या

जुन्या आणि नव्या मोटरसायकलींची तुलना जिथे जिथे होते, तिथे ती अखेर एका शब्दापाशी येऊन ठेपते : 'आत्मा'. नवे यंत्र अधिक वेगवान आहे, त्याचे ब्रेक भरवशाचे आहेत, ते तेल गाळत नाही, गारठलेल्या सकाळी एका बटणावर सुरू होते, हे सगळे मोकळेपणाने मान्य केल्यावर जुन्या यंत्राचा मालक म्हणतो, की हे खरे असले तरी जुन्याला आत्मा होता. चर्चा तिथे थांबते, कारण आत्म्याचा प्रतिवाद करता येत नाही.

साहित्याच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने कवितेविषयी असा शब्द वापरला, तर शिक्षक त्याला तिथेच अडवतो. 'अनुभूती', 'अस्सलपणा', 'मातीचा वास' असे शब्द आपण आता तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. यंत्रांविषयीच्या भाषेच्या वाट्याला मात्र ही चिकित्सा क्वचित येते. एक तर ती तांत्रिक समजून सोडून दिली जाते, किंवा शौकिनांची बडबड म्हणून. वास्तविक या 'आत्म्या'ला एक इतिहास आहे, आणि त्याच्या बऱ्याचशा पायऱ्यांना सालेही देता येतात. प्रस्तुत लेखात तोच इतिहास थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

त्यासाठी मी दोन घराणी निवडली आहेत. एक अमेरिकेतील मिलवॉकी येथील हार्ली-डेव्हिडसन आणि दुसरे जर्मनीतील बीएमडब्ल्यू. दोघांनीही लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी दोन सिलिंडरांच्या मोठ्या मोटरसायकली बनवल्या, आणि दोघांनीही सिलिंडरांची मांडणी शंभर वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ तशीच ठेवली. एकाच संहितेच्या वेगवेगळ्या काळांतल्या प्रती शेजारी ठेवाव्यात, तशी इथे तुलना करता येते. आराखडा स्थिर असल्यामुळे बदलले ते काय, हे स्वच्छ दिसते.

१

प्रथम आराखडा. हार्लीने इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी मांडणी असलेले पहिले इंजिन १९०९ साली विक्रीला आणले. ते सुमारे ८१० सीसीचे होते आणि त्याची ताकद सात अश्वशक्तीच्या आसपास होती. त्यात अडचणी निघाल्यामुळे ते मागे घेतले गेले आणि सुधारून १९११ साली परत आले. दोन सिलिंडरांमधला कोन ४५ अंशांचा, आणि दोन्ही पिस्टनचे दांडे क्रँकशाफ्टच्या एकाच खुंटीला जोडलेले. ही रचना निवडण्यामागे काही गूढ नव्हते. सायकलीच्या त्रिकोणी सांगाड्यात एका सिलिंडरासाठी असलेल्या जागेत दुसरा सिलिंडर बसवायचा, तर तो असा तिरपाच बसू शकत होता. या सोयीचा एक परिणाम मात्र दूरगामी ठरला. एकच खुंटी आणि ४५ अंशांचा कोन यांमुळे दोन स्फोटांमधले अंतर समान राहत नाही. क्रँकशाफ्ट ३१५ अंश फिरल्यावर एक स्फोट होतो, आणि मग ४०५ अंश फिरल्यावर दुसरा. इंजिन मंद चालत असताना ऐकू येणारी ती लंगडी, अडखळती लय याच हिशेबातून येते. ती कुणी रचलेली नव्हती, ती उरलेली होती.

बीएमडब्ल्यूचा मार्ग वेगळा. माक्स फ्रिट्झ या अभियंत्याने आखलेली 'आर ३२' ही मोटरसायकल १९२३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. ४९४ सीसी, साडेआठ अश्वशक्ती. तिचे दोन सिलिंडर एकमेकांकडे पाठ करून डाव्या-उजव्या बाजूंना आडवे बाहेर आलेले. दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, म्हणून एकाचा धक्का दुसरा बराचसा शोषून घेतो. मुष्टियोद्धा आपल्या दोन मुठी एकमेकींवर आपटतो तसे हे दिसते, म्हणून या इंजिनाला 'बॉक्सर' म्हणतात. स्फोट समान अंतराने होतात, दोन्ही सिलिंडर वाऱ्याच्या तोंडी असल्यामुळे सारखे थंड राहतात, आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्टने गती मिळते. हार्लीची रचना जागेच्या अडचणीतून आली, तर बॉक्सरची समतोलाच्या विचारातून. दोन्हींच्या मुळाशी व्यवहारच होता.

आपल्या भाषेने या यंत्राचे बारसे करताना नेमका आवाजच पकडला, हे इथे नोंदवण्यासारखे आहे. 'फटफटी' हा शब्द अनुकरणवाचक आहे. दिसण्यावरून नाही, वेगावरूनही नाही, तर ऐकण्यावरून आलेले हे नाव. यंत्राचा आवाज म्हणजेच यंत्र, ही समजूत त्यात गृहीत आहे. पुढे एका कंपनीला याच समजुतीवर कायदेशीर हक्क सांगावासा वाटला. त्याकडे आपण येऊच.

२

जुन्या यंत्राचा मालक म्हणजे कोण, हे पाहण्यासाठी त्याच्या आसनाखाली पाहावे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातल्या बीएमडब्ल्यूबरोबर पान्यांचे भरगच्च गुंडाळे येत असे, आणि चाकात हवा भरण्याचा हातपंपही. कंपनीचे हे सौजन्य तर होतेच, पण तो एक गर्भित करारही होता. टॅपेटमधली फट ठरावीक अंतर चालल्यावर बदलणार, पॉइंट झिजणार, दोन कार्ब्युरेटरांचा मेळ सुटणार, आणि हे सगळे मालक स्वतः पाहील, अशी त्यात अपेक्षा होती. बॉक्सरच्या बाबतीत ही अपेक्षा अवाजवी नव्हती. सिलिंडरांची डोकी दोन्ही बाजूंना हाताशी असल्यामुळे झाकण काढून, पातळ पात्याने फट मोजून टॅपेट बसवणे हे रस्त्याच्या कडेलाही करता येण्यासारखे काम होते. १९६० साली आलेली ५९४ सीसीची 'आर ६९ एस' ४२ अश्वशक्ती देत असे आणि त्या काळातल्या वेगवान प्रवासी गाड्यांत गणली जात असे. पण तो वेग मालकाच्या हातांवर अवलंबून होता.

या नात्याचा सर्वांत प्रसिद्ध साहित्यिक दस्तऐवज म्हणजे रॉबर्ट पिर्सिग यांचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. १९६८ साली मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत केलेल्या प्रवासावर ते आधारलेले आहे. त्यातल्या दोन्ही मोटरसायकली दोन सिलिंडरांच्याच आहेत, हे वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. पिर्सिग यांची होंडा ३०५ सीसीची, आणि सहप्रवासी जॉनची बीएमडब्ल्यू ६०० सीसीच्या वर्गातली. जॉनने ती गाडी घेतली, याचे एक कारण तिला फारसे हात लावावे लागत नाहीत, हे होते. त्याच्या गाडीचे हँडल सैल होऊन घसरू लागते, तेव्हा कथक सुचवतो की बिअरच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून पॅकिंग म्हणून घालू. तांत्रिकदृष्ट्या उपाय चोख आहे, कारण ॲल्युमिनियम मऊ असते आणि गंजत नाही. जॉनला मात्र आपल्या महागड्या जर्मन यंत्रात डब्याचा पत्रा ही कल्पनाच सहन होत नाही. कथकाला पत्र्यात त्याचे गुणधर्म दिसतात, जॉनला त्याचे कूळ दिसते. या दोन दृष्टींना पुस्तकात अभिजात आणि स्वच्छंदतावादी अशी नावे दिली आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासकांना ती परिचयाची असल्यामुळे पुस्तकाची चर्चा पुष्कळदा तिथेच अडकून राहते.

मला या प्रसंगातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९६८ साली हा वाद होऊ शकत होता. हँडल दुरुस्त करावे की न करावे, कशाने करावे, हा मालकाच्या निवडीचा प्रश्न होता. जॉनने नकार दिला, पण नकार देण्याइतका अधिकार त्याच्याकडे होता. पुढच्या पन्नास वर्षांत ही निवडच हळूहळू आक्रसत गेली. पिर्सिग यांची ती होंडा आता वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यासारखी मालकीही तिच्याबरोबर संग्रहालयात जमा झाली काय, असा प्रश्न पडतो.

३

या बदलाची सुरुवात संगणकाने केली, असे समजणे चुकीचे ठरेल. मालकाचे कष्ट कमी करणे हा उद्योगाचा जुना ध्यास आहे. हार्लीने १९४८ सालच्या इंजिनात तेलाच्या दाबावर आपोआप जुळणारी टॅपेट आणली, म्हणजे फट मोजण्याचे काम तेव्हापासूनच कमी होऊ लागले. १९५८ साली मागच्या चाकाला सस्पेन्शन आले. १९६५ साली विजेवर सुरू होणारे इंजिन आले, आणि या सोयीचे अप्रूप एवढे की तिच्यावरून गाडीचे नावच 'इलेक्ट्रा ग्लाइड' ठेवले गेले. बीएमडब्ल्यूच्या बर्लिन-श्पांडाउच्या कारखान्यातून १९६९ साली बाहेर पडलेल्या 'आर ७५/५' या गाडीला विजेचा स्टार्टर होता आणि किकही होती. या दोन गोष्टी एकाच यंत्रावर शेजारी नांदत होत्या, त्या संक्रमणकाळाचे हे चित्र बोलके आहे.

म्हणून 'जुने' म्हणजे एखादी शुद्ध, अविकृत अवस्था होती असे मानता येत नाही. आज जी इलेक्ट्रा ग्लाइड आत्मा असलेली म्हणून जपली जाते, ती तिच्या काळी आरामाची गाडी होती, आणि किकवर वाढलेल्या पिढीला तीही आत्मा हरवलेली वाटली असेल तर नवल नाही. पाठभेदांच्या अभ्यासात मूळ प्रत हाती लागत नाही, लागते ती फक्त त्यातल्या त्यात जुनी प्रत. इथेही तसेच आहे.

आणि त्या काळाचे गोडवे गाताना त्याचे दोषही सांगायला हवेत. १९६९ साली हार्ली ही एएमएफ या मोठ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. उत्पादन वाढले, दर्जा घसरला, आणि तेल गळणे हा हार्लीविषयीच्या विनोदांचा विषय झाला. त्याच काळात जपानी कंपन्यांच्या चार सिलिंडरांच्या गाड्या आल्या. त्या वेगवान होत्या, स्वस्त होत्या, आणि तेल गाळत नव्हत्या. १९८१ साली तेरा व्यवस्थापकांनी मिळून हार्ली विकत घेतली. १९८३ साली रेगन सरकारने ७०० सीसीहून मोठ्या आयात मोटरसायकलींवरील शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेले. स्वातंत्र्याचे आणि मोकळ्या रस्त्याचे प्रतीक म्हणून मिरवणारे हे यंत्र एका टप्प्यावर सरकारी भिंतीच्या आडोशाने तगले, हे विसरून चालणार नाही. अर्थात भिंतीमागे सुधारणाही झाली. १९८४ सालच्या श्रेणीत आलेले 'इव्होल्यूशन' हे १३४० सीसीचे, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांचे इंजिन भरवशाचे ठरले, आणि १९८७ साली कंपनीने स्वतःच संरक्षण मुदतीआधी काढून घेण्याची विनंती केली.

बीएमडब्ल्यूने याच सुमारास उलट निर्णय घेतला. १९८३ साली 'के १००' ही पाण्याने थंड होणारी, चार सिलिंडरांची गाडी आली, आणि बॉक्सर हळूहळू निवृत्त होणार असे ठरले. १९८४ साली हजार सीसीच्या बॉक्सरचे उत्पादन थांबले. पण गिऱ्हाइकांना ते मानवले नाही. १९८६ साली 'आर १०० आरएस' ही गाडी परत आणावी लागली. १९७६ साली, पवनबोगद्यात घडवलेल्या पूर्ण आवरणामुळे, हीच गाडी आधुनिकतेचे टोक समजली गेली होती. दहाच वर्षांत ती परंपरेची प्रतिनिधी म्हणून परतली.

माझ्या मते या दोन कहाण्या मिळून १९८० च्या दशकात एक शोध लागला. दोन सिलिंडरांची ही मांडणी अभियांत्रिकीच्या दृष्टीने आता अपरिहार्य राहिलेली नाही, तरीही लोकांना ती हवी आहे, हे दोन्ही कंपन्यांना कळले. त्याआधी आकार हा गरजेचा परिणाम होता. त्यानंतर आकार हीच विकायची वस्तू झाली.

४

हा शोध हार्लीने किती पद्धतशीरपणे वापरला, ते पाहण्यासारखे आहे. इव्होल्यूशनच्याच वर्षी 'सॉफ्टटेल' आली. तिच्या मागच्या चाकाला सस्पेन्शन होते, पण त्याचे शॉक गिअरबॉक्सच्या खाली, दृष्टीआड बसवलेले होते. हेतू हा, की सांगाडा १९५८ पूर्वीच्या, सस्पेन्शन नसलेल्या गाडीसारखा दिसावा. आराम नवा आणि रूप जुने. मालकाच्या पाठीला जे नको होते, ते त्याच्या डोळ्याला हवे होते, आणि एकाच यंत्रात दोन्ही देण्याची युक्ती साधली होती.

मग आवाज. १९९४ साली हार्लीने आपल्या इंजिनाचा आवाज व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अमेरिकेच्या संबंधित कार्यालयाकडे अर्ज केला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हरकती घेतल्या. तशी रचना असलेले कुठलेही इंजिन तसाच आवाज करणार, असा त्यांचा मुद्दा होता. खटला लांबला आणि २००० साली कंपनीने अर्ज मागे घेतला. याच काळातली होंडाची गोष्ट तर अधिकच उद्बोधक आहे. १९८० च्या दशकात होंडाने आपल्या ११०० सीसीच्या व्ही इंजिनात दोन स्वतंत्र खुंट्या वापरून कंप मोठ्या प्रमाणात घालवला होता. १९९५ च्या सुमारास त्याच कंपनीने, त्याच घराण्यातल्या 'शॅडो एस' या गाडीत मुद्दाम एकच खुंटी बसवली, म्हणजे सोडवलेला प्रश्न परत निर्माण केला, कारण ती अडखळती लय गिऱ्हाइकांना हवी होती. सायकलीच्या सांगाड्यात जागा नव्हती म्हणून उरलेली एक त्रुटी नव्वद वर्षांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणीवपूर्वक घडवली जात होती.

शेवटी कंप. २०१६ साली आलेल्या 'मिलवॉकी-एट' या इंजिनात समतोल साधणारा एक फिरता दांडा आहे. हार्लीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत तो प्राथमिक कंपनांपैकी ७५ टक्के नाहीशी करतो. उरलेली २५ टक्के घालवणे अशक्य होते म्हणून राहिली, असे नाही. गाडी हार्लीसारखी वाटावी म्हणून ती ठेवली गेली. आत्म्याचे प्रमाण आता कारखान्यात ठरते.

बीएमडब्ल्यूचे उदाहरण २०२० सालचे आहे. त्या वर्षी आलेल्या 'आर १८' मध्ये १८०२ सीसीचा बॉक्सर आहे, आणि तिचे रूप १९३६ सालच्या 'आर ५' वरून घेतलेले आहे. झळाळता शाफ्ट जुन्या गाड्यांप्रमाणे उघडा ठेवलेला. मात्र ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये वायर नाही, संगणक आहे, आणि इंजिनाचा स्वभाव निवडण्यासाठी 'रेन', 'रोल' आणि 'रॉक' असे तीन पर्याय. २०२१ साली आलेल्या तिच्या प्रवासी आवृत्तीत नामांकित कंपनीचे ध्वनिक्षेपक बसवलेले आहेत. याउलट कंपनीची मुख्य, कामाची गाडी परंपरेची पर्वा न करता पुढे गेली. २०२३ सालची 'आर १३०० जीएस' बॉक्सरच आहे, पण पाण्याने थंड होते, १४५ अश्वशक्ती देते, आणि तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे नसून खाली आहे. एकाच कारखान्याने एकच मांडणी दोन वाटांनी पुढे नेली. एका वाटेवर परंपरा पुढे चालू आहे, दुसरीवर तिची प्रतिमा जपली जाते. साहित्यात आपण ज्याला परंपरेचे सातत्य आणि परंपरेचे अलंकरण म्हणतो, तो भेद इथे लोखंडात दिसतो.

५

भारतातील एक प्रकरण या इतिहासात अवश्य यायला हवे, कारण आत्म्याचा अर्थ तिथे वेगळाच लागतो. महायुद्धानंतर सैन्याने मागे ठेवलेल्या हार्ली आणि 'इंडियन' या कंपनीच्या मोटरसायकली दिल्लीत लिलावांतून लोकांच्या हाती आल्या. कारागिरांनी त्यांच्या मागे दोन चाकांचा, सहा-आठ माणसे बसतील असा डबा जोडला, आणि जुन्या दिल्लीहून कॅनॉट प्लेसकडे जाणारी एक वाहतूकव्यवस्थाच उभी राहिली. तिचे नावही 'फटफटी'च होते. सुटे भाग मिळेनासे झाले तसे ते इथेच घडवले गेले. पुढे इंजिनेही बदलून डिझेलवरची बसवली गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून त्या रस्त्यावरून हटवल्या गेल्या, तोवर अर्धशतक होत आले होते. त्या चालकांनी आणि मिस्त्र्यांनी आत्म्याची भाषा वापरली असेल असे वाटत नाही. गाडी चालली तर घर चालणार होते. तरीही, एखादे यंत्र त्याच्या निर्मात्याच्या कल्पनेपलीकडे जगवणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणी क्वचितच दाखवले असेल.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात असे मांडले होते, की यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे एकमेवत्व, तिच्याभोवतीचे तेजोवलय नाहीसे होते. दिल्लीच्या फटफटीत याच्या उलट प्रक्रिया दिसते. कारखान्यातून हजारोंच्या संख्येने, एकसारखी बाहेर पडलेली वस्तू दुरुस्तीमुळे एकमेव होत गेली. प्रत्येक ठिगळ, प्रत्येक बदललेला भाग तिला तिच्या बहिणींपासून वेगळी करत गेला. 'आत्मा' या शब्दाला काही ठोस अर्थ द्यायचा असेल, तर तो इथे सापडतो असे मला वाटते. माणसाच्या कष्टांची, ज्ञानाची आणि चुकांची यंत्रावर साठत गेलेली नोंद, हा तो अर्थ. तो कारखान्यात भरून देता येत नाही, कारण तो गाडी विकल्यानंतर सुरू होतो.

नव्या हार्लीचा भारतातला प्रवेश वेगळ्या वाटेने झाला, आणि त्या वाटेवर महाराष्ट्र लागतो. २००७ साली भारताने ८०० सीसीहून मोठ्या मोटरसायकलींसाठी युरोपीय प्रदूषणमानके मान्य करून आयातीचा मार्ग मोकळा केला, आणि अमेरिकेने भारतीय आंब्यावरची दीर्घकाळची बंदी उठवली. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या विकिरण केंद्रात प्रक्रिया करून त्याच वर्षी आंबा अमेरिकेला रवाना झाला. हापूसच्या बदल्यात हार्ली, अशी या सौद्याची तेव्हा चर्चा झाली. २०१० पासून भारतात विक्री सुरू झाली, हरियाणातील बावल येथे सुटे भाग जोडण्याचा कारखाना निघाला, आणि २०२० साली कंपनीने तो बंद करून विक्री हीरो मोटोकॉर्पकडे सोपवली. या दोघांनी मिळून २०२३ साली आणलेली 'एक्स ४४०' ही गाडी एका सिलिंडराची आहे. १९०३ साली हार्लीची सुरुवातही एकाच सिलिंडराने झाली होती, त्यामुळे नाव बदलण्याचे काही कारण नाही. पण ज्या अडखळत्या लयीसाठी सहा वर्षे खटला चालला, ती या नावाखाली असलीच पाहिजे असे नाही, हेही त्यातून सिद्ध झाले.

६

मग जुन्या-नव्याच्या तुलनेत निकाल काय लावायचा? नव्या यंत्राच्या बाजूने एक गोष्ट निःसंदिग्धपणे म्हणायला हवी. ओल्या रस्त्यावर चाक न अडकू देणारे ब्रेक, इंधनाचे अचूक मोजमाप, कमी धूर, हे सगळे माणसांचे जीव आणि हवा वाचवते. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक जपण्यात रस असू शकतो, पण घाट उतरताना त्यांच्यावर भरवसा ठेवणे हे तत्त्वज्ञान होऊ शकत नाही. मालकाचे कष्ट वाचले, याचे दुःख मानण्याचेही कारण नाही.

प्रश्न आहे तो कष्टांबरोबर अधिकारही गेला काय, हा. याची उत्तरे अलीकडे अभियंत्यांपेक्षा सरकारी कागदपत्रांतून मिळू लागली आहेत. २०१६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हार्लीवर कारवाई केली. इंजिनाची संगणकीय जुळणी बदलून अधिक ताकद, आणि अर्थात अधिक प्रदूषण, देणारी सुमारे ३ लाख ४० हजार उपकरणे कंपनीने विकली, असा आरोप होता. कंपनीने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य केला. २०२२ साली तिथल्याच व्यापार आयोगाने याच कंपनीविरुद्ध दुसरी कारवाई केली, ती बाहेरचे सुटे भाग वापरल्यास हमी रद्द होईल, असे सांगणाऱ्या अटींबद्दल. पहिल्या प्रकरणात मालकाचा हात यंत्रापर्यंत पोहोचू देणे सार्वजनिक हिताच्या विरुद्ध ठरले, दुसऱ्यात तो पोहोचू न देणे बेकायदा ठरले. ही विसंगती नाही. पूर्वी पॉइंटमधली फट चुकली तर नुकसान मालकाचे होत असे. आता तीच ढवळाढवळ सर्वांच्या हवेशी जोडली गेली आहे. म्हणून मालकी हा खाजगी विषय राहिलेला नाही, आणि तो केवळ कंपनीच्या मर्जीवरही सोडता येत नाही.

ज्ञानाची वाटही पूर्णपणे बंद झालेली नाही. बीएमडब्ल्यूच्या मालकांमध्ये 'जीएस-९११' नावाचे, बाहेरच्या कंपनीने बनवलेले एक उपकरण प्रचलित आहे. ते गाडीच्या संगणकाला जोडले की दोषांची नोंद मालकाला वाचता येते. पान्याच्या गुंडाळ्याचा हा नवा वारस आहे. फरक एवढाच, की पाना कुठल्याही नटाला लागतो, आणि हे उपकरण निर्मात्याच्या सांकेतिक भाषेशी जुळत राहील तोवरच उपयोगी.

म्हणून दोन यंत्रे शेजारी उभी केली, की अश्वशक्ती आणि वजन यांच्या रकान्यांबरोबर आणखी एक रकाना असावा असे मला वाटते : हे यंत्र आपल्या मालकाला काय शिकू देते? १९६० सालची आर ६९ एस आजही रस्त्यावर दिसते, कारण तिच्यात जे बिघडू शकते ते बघता येते, मोजता येते, आणि एका पिढीने दुसरीला दाखवता येते. २०२३ सालची आर १३०० जीएस चाळीस वर्षांनी तशी दिसेल काय, हे तिच्या धातूवर फारसे अवलंबून नाही. ते तिची माहितीपुस्तके, तिचे संगणकीय कार्यक्रम आणि तिचे सुटे भाग कुणाला आणि कोणत्या अटींवर मिळतील, यावर अवलंबून आहे. जुन्या यंत्रांच्या मालकांना जे हरवल्यासारखे वाटते, त्याची मागणी अशा शब्दांत करता येते. 'आत्मा' म्हटले, की कंपनी कंपने २५ टक्के ठेवून ती मागणी पुरवू शकते. 'माहितीपुस्तक द्या' म्हटले, की तिला उत्तर द्यावे लागते.